एकादशीच्या ताटाचा इतिहास

गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी आणि पंधरवड्याची एकादशी, एवढ्यावर वारकऱ्याची ओळख पटते. माळेविषयी आणि वारीविषयी शंका काढणारे थोडे. एकादशीविषयी मात्र कीर्तन आटोपले की हमखास विचारणा होते आणि ती बहुतेक ताटाविषयीच असते. साबुदाणा चालतो का? वरी चालते का? हिरवी मिरची घातली तर उपवास मोडतो का? विचारणाऱ्याच्या मनात एक समजूत पक्की असते, की आजचा आपला फराळ ज्ञानोबा-नामदेवांच्या काळापासून असाच चालत आला आहे. इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही.

माउलींनी आळंदीस समाधी घेतली ती १२९६ साली. नामदेवराय १३५० साली महाद्वारी विसावले. कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांवर उतरला १४९२ मध्ये, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवे घेतले १५१० मध्ये. आता आपल्या ताटाकडे पाहा. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिऱ्याचा दाणा, या साऱ्यांचे माहेर अमेरिका खंड. हे जिन्नस दर्यावर्दी लोकांच्या गलबतांतून इकडे आले. ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून उचलला. नामदेवरायांच्या घरी, जनाबाईंच्या जात्यापाशी यांतले काहीच नव्हते. तिखटपणा लागला तर मिरी होती, आले होते.

साबुदाण्याची कथा तर आणखी अलीकडची. ‘साबु’ हा शब्द मलायाकडचा. तिकडे साबुताडाच्या खोडातील पिठापासून हे दाणे करीत. आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचाही नव्हे. तो टॅपिओका नावाच्या कंदाचा आणि हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले, हेतू हा की दुष्काळात गरिबाच्या पोटाला आधार व्हावा. पुढे दुसऱ्या महायुद्धात बाहेरचा साबुदाणा येईना, तेव्हा १९४३च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम भागात या कंदापासून दाणे पाडण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या घरोघरची खिचडी आज मुख्यतः त्या धंद्यावर चालते. आमच्या आजीच्या पिढीने जे नवे म्हणून पाहिले, ते नातवंडांना सनातन वाटते.

मग पूर्वी एकादशीला काय खात? देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री हा माउलींच्याच शतकातला. त्याने व्रतांवर मोठा ग्रंथ रचला. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९०च्या सुमाराचा. या परंपरेचा भर तिथी कोणती धरावी, संकल्प, जागर आणि द्वादशीचे पारणे यांवर आहे. मुख्य पक्ष निराहाराचा. बालक, वृद्ध, रोगी यांना झेपत नसेल तर दूध, फळ, कंद अशी पायरीपायरीने सवलत. फराळ हा शब्दच फलाहारावरून आला. सवलतीचे ताट पुढे भरत गेले आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केली.

दुसरी समजूत अशी, की उपवासाचे ते हलके. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात आणि तो जवळजवळ सगळा पिष्टमयच, प्रथिने नावापुरती. त्यात शेंगदाण्याचे कूट, तूप, बटाटा आणि वर तळलेले पापड. असे ताट रिचवलेला भाविक रात्री जागराला बसतो आणि दुसऱ्या अभंगालाच मान टाकतो, हे दृश्य कीर्तनकाराइतके कोणी पाहिले नसेल. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणे. जवळ बसून घोरण्याला काय म्हणावे?

तिसरी समजूत मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पुष्कळ वृद्ध माळकरी एकादशीला औषधाची गोळी घेत नाहीत. साखरेचा विकार असलेली म्हातारी माणसे गोळी टाळून खिचडी खातात किंवा गोळी घेऊन दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. दोन्हींत धोका आहे. महाभारतातील विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरुवचन आणि औषध. औषधाचे नाव त्यात स्पष्ट आहे. धूतपापेश्वरसारखा औषधांचा कारखाना १८७२ पासून ज्या पनवेलीत आहे, तिथल्या माणसाला तरी हे निराळे सांगावे लागू नये. गोळी किती व केव्हा घ्यावी, निराहार करावा की नाही, हे एकादशीपूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवावे.

मग ताटात काय असावे? आमच्या बाजूच्या डोंगरउतारांवर ठाकूर, कातकरी मंडळी वरी पिकवीत आली. सुरण, कोनफळ, करांदे हे कंदही इकडचे जुने. थोडी वरी, थोडा कंद, ताक, एखादे फळ, एवढे पुरे. वरी चांगली निवडून, धुऊन घ्यावी. पावसाळ्यात जुने पीठ साठवू नये, त्याला बुरशी धरते. सप्ताहातल्या पंगतीत तर अधिक जपावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यात एका हरिनाम सप्ताहात एकादशीच्या फराळातून शेकडो भाविकांना विषबाधा झाली. उपवासाचे म्हणून अन्न आपोआप निर्दोष होत नाही.

साबुदाणा परमुलखातला म्हणून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. परमुलखातला माणूसही पंढरीच्या वाळवंटात आला की आपला होतो, तसा तोही झाला आहे. वाटीभर खावा आणि उठावे. ज्याला झेपते त्याने निराहार करावा, ज्याला झेपत नाही त्याने संकोच न करता भाकरी खाऊन नाम घ्यावे. सातशे वर्षांत ताट कितीदा बदलले, टाळ-वीणा आणि नाम तेच आहे. एकादशी तिथे सांभाळावी.

रामकृष्णहरी.