कांपुंग : जावांतील वस्तीसुधारणेची हकीगत



शाळेंत भूगोल शिकवितांना जावा, सुमात्रा, बोर्निओ हीं नांवें मीं पुष्कळ वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. जावा म्हणजे ज्वालामुखी, भात आणि ऊंस, एवढ्यावर तो धडा संपत असे. त्या बेटावरील माणसें राहतात कशीं हा प्रश्न पुस्तकांत नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर माझ्याही मनांत आला नव्हता. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली तेव्हां ‘कांपुंग’ हा शब्द भेटला, आणि त्याच्या मागोमाग जातां शंभर वर्षांची एक हकीगत हातीं लागली. ती आज आपणांस सांगावयाची आहे.

कांपुंग म्हणजे मुळांत मलायी भाषेंतील खेडें. पण जाकार्ता, सुराबाया, समारांग अशा मोठ्या शहरांच्या ऐन मध्यांतही कांपुंगें आहेत. शहर चोहों अंगांनीं वाढत गेलें, मधलीं खेडीं त्याच्या पोटांत राहिलीं, आणि उपजीविकेसाठीं आलेल्या लोकांनीं तीं दाटून गेलीं. हमरस्त्यावर पेढ्या व बंगले, त्यांच्या पाठीमागें अरुंद बोळ, आणि बोळांच्या दुतर्फा बांबूच्या तट्ट्यांचीं घरें, अशी ती जुनी रचना. ह्या वस्तीस सरसकट झोपडपट्टी म्हणणें मात्र बरोबर नव्हे. तेथें हमाल राहतो तसा कारकूनही राहतो, शिंपी राहतो, शाळामास्तरही राहतो. जातां जातां एक गंमत सांगतों. तिकडे शहराला ‘कोता’ म्हणतात, खेड्याला ‘देसा’ आणि राष्ट्राला ‘नेगारा’. आपले कोट, देश आणि नगर समुद्र ओलांडून गेले आणि तेथें आपापसांत अर्थांची अदलाबदल करून बसले!

डच सरकारनें १९०३ सालीं विकेंद्रीकरणाचा कायदा केला. त्यान्वयें १९०५ सालीं बटाव्हिया म्हणजे आजचें जाकार्ता, आणि १९०६ सालीं समारांग व सुराबाया येथें म्युनिसिपालिट्या स्थापन झाल्या. पण त्यांत एक मेख होती. कांपुंग हें देशी लोकांचें स्वायत्त खेडें मानलें जात असे, आणि त्याच्या कारभारांत म्युनिसिपालिटीनें हात घालूं नये असा दंडक होता. वरवर पाहतां हा देशी रूढीचा मान दिसतो. प्रत्यक्ष परिणाम असा झाला कीं, दिवे, नळ आणि फरसबंदी युरोपियन वस्तींतून निघून कांपुंगाच्या तोंडाशीं येत आणि तेथेंच थांबत. शहराचें सांडपाणी मात्र कायदा न वाचतां आंत शिरत असे.

समारांग येथें टिलेमा नांवाचा एक डच औषधविक्रेता होता. बाटल्यांत भरलेलें शुद्ध पाणी विकून त्यानें चांगली संपत्ति मिळविली. म्युनिसिपालिटीचा सभासद झाल्यावर त्यानें कांपुंगांच्या दुःस्थितीकडे लक्ष घातलें, छायाचित्रें व आंकडे गोळा केले, आणि मायदेशीं परतल्यावर १९१५ पासून ‘क्रोमोब्लांडा’ नांवाचा ग्रंथ पदरमोड करून अनेक भागांत छापला. क्रोमो म्हणजे सामान्य जावी माणूस आणि ब्लांडा म्हणजे डच. दोघांचें आरोग्य एकमेकांशीं बांधलेलें आहे, हें त्यानें नांवांतच सांगून टाकलें. पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्यानेंच गरिबांच्या घरांसाठीं आणि गटारांसाठीं लेखणी झिजवावी, हें मला तरी कौतुकाचें वाटतें.

ह्या इतिहासाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. ट्रस्टनें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. ज्यांचीं बिऱ्हाडें उठलीं त्यांपैकीं पुष्कळ जण शेजारच्या, आधींच भरलेल्या चाळींत जाऊन राहिले. पुढें हीच सांथ ब्रह्मदेशांत पोंचली, आणि रंगूनचा तांदूळ वाहणाऱ्या जहाजांतील उंदरांबरोबर जावांत उतरली. १९११ सालीं मलांग भागांत तिनें कहर केला. तेथें असें आढळलें कीं, उंदीर बांबूच्या पोकळींत आणि शाकारलेल्या छपरांत घरें करतात. तेव्हां सरकारनें कौलें घालावयास लाविलीं, पोकळ बांबू काढविले, आणि पुढील तीस वर्षांत लाखों घरें अशा रीतीनें बदललीं. त्याचा खर्च कर्जाऊ देऊन तो मागाहून वसूल करीत, आणि रयतेला ह्या सक्तीचा जाच पुष्कळ झाला. तरीही एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. घर सुधारलें, पण घरवाला त्याच जागेवर राहिला.

ह्याच सुमारास, म्हणजे १९१४ सालीं, थॉमस कार्स्टेन हा तरुण वास्तुविशारद जावांत आला. समारांग, मलांग, बांडुंग अशा अनेक शहरांच्या आंखणीवर त्याचा हात आहे. शहराचे भाग वंशावरून पाडूं नयेत, असें त्याचें म्हणणें होतें. आणि शासक जातींत जन्मलेल्या माणसानें तें म्हणणें त्या काळीं सोपें नव्हतें. कांपुंग मोडण्यापेक्षां त्यांतून पायवाटा, गटारें आणि पाणी न्यावें, हें धोरण त्याच्यासारख्यांच्या खटपटीनें पुढें आलें. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्ती सरकार त्या कामाला पैसा देऊं लागलें. तोंच जागतिक मंदी आली आणि थैलीचें तोंड आवळलें गेलें. कार्स्टेन १९४५ सालीं जपान्यांच्या बंदिवासांत वारला.

डचांच्या चांगुलपणाचीच ही कथा आहे असें मात्र कोणी समजूं नये. बटाव्हियाच्या म्युनिसिपालिटींत महंमद हुस्नी थामरिन नांवाचा एक देशी सभासद १९१९ सालीं आला. १८९४ सालीं त्याच शहरांत जन्मलेला हा गृहस्थ कांपुंगांतील चिखल, पूर आणि पाण्याची टंचाई ह्यांविषयीं सभेंत सारखा प्रश्न विचारीत राही. नव्या डौलदार युरोपियन वसाहतींवर पैसा ओतला जातो, मग ज्यांच्या श्रमावर शहर चालतें त्यांच्या दारापुढें दगड कां पडत नाहींत, हा त्याचा मुद्दा. १९२७ पासून लोकसभेंत, म्हणजे फोल्क्सरादमध्यें, त्यानें हाच लढा स्वराज्याच्या मागणीला जोडला. जानेवारी १९४१ मध्यें सरकारनें त्याला घरांतच नजरकैदेंत ठेविलें, आणि त्याच स्थितींत थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला.

पुढें जपानी अंमल आला. त्यांनीं १९४४ सालीं शेजारशेजारच्या घरांचे गट पाडले. हेतु शिधावाटप आणि पाळत ठेवण्याचा! पण जपानी गेल्यावरही हे गट राहिले आणि ‘रुकुन तेतांगा’ म्हणजे शेजारमंडळ ह्या नांवानें स्थिरावले. पुढच्या कामीं त्यांचाच उपयोग झाला.

स्वातंत्र्यानंतर जाकार्ताचा विस्तार बेसुमार झाला. १९६१ सालीं लोकसंख्या सुमारें २९ लाख होती, ती १९७१ सालीं सुमारें ४५ लाखांवर गेली. सुकार्णोंच्या कारकीर्दींत भव्य क्रीडांगण, उंच स्मारकस्तंभ, मोठें हॉटेल हीं उभीं राहिलीं. राजधानीला तोंडवळा आला, पण पाठीमागचे बोळ तसेच होते. १९६६ सालीं आली सादिकिन हे नौसैनिक अधिकारी राज्यपाल झाले. तिजोरींत खडखडाट. त्यांनीं जुगाराला परवाने देऊन त्यावर कर बसविला आणि त्या पैशांतून रस्ते व शाळा बांधल्या. मुसलमान धर्मगुरूंनीं त्यांना दोष दिला. माझ्यासारख्या मास्तरालाही हा मार्ग पटत नाहीं, पण त्या शाळांत बसलेल्या मुलांना तो पटवून देण्याची आवश्यकता नव्हती, हेंही खरें.

१९६९ सालीं सादिकिन ह्यांनीं कांपुंगसुधारणेची योजना सुरू केली आणि तिला नांव दिलें महंमद हुस्नी थामरिन ह्यांचें. तिची रीत अशी कीं, घराला हात लावावयाचा नाहीं. वस्तींतून एक गाडी जाईल असा रस्ता, त्याला फुटणाऱ्या फरसबंद पायवाटा, वाटेच्या कडेनें गटार, ठिकठिकाणीं नळ, कचरा टाकण्याची सोय, एक दवाखाना, एक शाळा. न्हाणी, धुणें आणि शौच ह्या तिहींसाठीं एकत्र बांधकाम. त्यास तिकडे आद्याक्षरांवरून ‘एम-चे-का’ म्हणतात. पहिल्या पांच वर्षांत सुमारें १२ लाख लोकांच्या वस्त्यांत हें काम झालें. इतक्या लोकांना नवीं घरें बांधून देणें कोणत्याही तिजोरीला झेपलें नसतें.

आणि मग घरांचें काय झालें? तीं लोकांनींच सुधारलीं. दारापुढचा चिखल गेला, पाणी तुंबेनासें झालें, वस्ती उठविली जाणार नाहीं असा भरंवसा वाटला, तेव्हां ज्याच्या हातीं चार पैसे आले त्यानें तट्टी काढून वीट घातली. माझ्या नोकरीच्या एका गांवीं ह्याच्या उलट क्रम मीं पाहिला आहे. नव्या पेठेंत घरें आधीं उठलीं आणि गटार पंधरा वर्षांनीं आलें. तोंवर आम्हीं पावसाळ्यांत पाटावर पाट मांडून शाळेंत जात होतों.

१९७४ पासून जागतिक बँकेनें ह्या कामाला कर्ज दिलें, आणि १९८० सालीं आगाखान वास्तुकला पारितोषिक पहिल्यानेंच देण्यांत आलें तेव्हां ह्या योजनेचाही गौरव झाला. दोष नव्हते असें नाहीं. सार्वजनिक संडासांची निगा कोणी राखावयाची हें ठरलेलें नसे, त्यामुळें कित्येक बंद पडले. सुधारलेल्या वस्तींत भाडीं चढत. शिवाय ज्या सादिकिन ह्यांनीं ही योजना काढली, त्यांनींच १९७० सालीं जाकार्ता हें नव्या आगंतुकांस बंद शहर असल्याचें जाहीर केलें. आंतल्यांना पायवाट आणि बाहेरच्यांना अडसर, असे दोन्ही हुकूम एकाच टेबलावरून निघाले.

सुराबायाची तऱ्हा ह्याहून निराळी, आणि मला अधिक मनोज्ञ वाटते. तेथील योजना राष्ट्रगीताचे कर्ते वागे रुडोल्फ सुप्रातमान ह्यांच्या नांवें निघाली. ते १९३८ सालीं त्याच शहरीं वारले होते. म्युनिसिपालिटीनें सिमेंटच्या तयार फरशा आणि गटाराचे तुकडे द्यावयाचे. वर्गणी आणि अंगमेहनत वस्तीची. शेजारमंडळाची बैठक बसे, वाट कोठून न्यावयाची तें ठरे, आणि वाटेंत ज्याचें कुंपण येई तो तें आपण होऊन मागें घेई. भरपाई मागत नसत. ‘गोतोंग रोयोंग’ म्हणजे सर्वांनीं मिळून ओझें उचलणें, हा जावी लोकांचा जुना शब्द राजकीय सभांतून वापरून गुळगुळीत झालेला आहे. पण ह्या बोळांत त्याला फावड्याचें वजन आलें. शहरांतील तंत्रशास्त्रीय विद्यापीठाचे प्राध्यापक योहान सिलास ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह ह्या कामांत वर्षानुवर्षें लक्ष घातलें. १९८६ सालीं तेथील केबालेन कांपुंगाचा आगाखान पारितोषिकाच्या वेळीं सन्मानपूर्वक उल्लेख झाला.

योग्यकार्ता येथील प्रकार लहान, पण चुरशीचा. गोंदोलायू पुलाखालीं नदीच्या उतारावर कांहीं अगदीं निराधार कुटुंबें पुठ्ठ्याच्या आणि पत्र्याच्या आडोशाला राहत होतीं. १९८० नंतर मांगुनविजय नांवाचे एक कॅथलिक धर्मोपदेशक तेथें येऊन राहिले. ते जर्मनींत शिकलेले वास्तुविशारद होते, आणि कादंबरीकारही. सरकारनें वस्ती हटविण्याचें ठरविलें, तेव्हां आपण उपोषणास बसूं असें त्यांनीं जाहीर केलें. हें शस्त्र आपल्या श्रोत्यांना कांहीं नवें नाहीं. वस्ती वांचली. मग दगडी पायावर लांकूड व बांबूचीं उतरत्या छपरांचीं घरें बांधलीं गेलीं, आणि कलाशाळेच्या मुलांनीं त्यांच्या भिंती रंगविल्या. १९९२ सालीं त्या वस्तीलाही तेंच पारितोषिक मिळालें.

एवढें सगळें झालें तरी एक प्रश्न प्रत्येक ठिकाणीं शिल्लक राहिला, तो जमिनीचा. पायवाट मिळाली, पाणी मिळालें. पण ज्या जागेवर घर आहे ती आपली, असा कागद पुष्कळांना मिळाला नाहीं. जागेचा भाव वाढला तसे व्यापारी येऊं लागले, आणि थामरिन-योजनेंत सुधारलेल्या कांहीं कांपुंगांच्या जागीं नंतर उंच इमारती आल्या.

उत्तर जाकार्तांत समुद्राकांठीं मासळीबाजाराजवळ आक्वारियम नांवाचें कांपुंग आहे. पूर्वीं तेथें मत्स्यालय होतें, म्हणून हें नांव. एप्रिल २०१६ मध्यें सरकारी यंत्रांनीं तें एका दिवसांत जमीनदोस्त केलें. लोकांना दूरच्या सरकारी इमारतींत भाड्याच्या खोल्या देऊं केल्या. कित्येक गेले. कित्येक मात्र विटांच्या ढिगांवर ताडपत्री बांधून राहिले, कारण त्यांची होडी, त्यांचें गिऱ्हाईक आणि मुलांची शाळा तेथेंच होती. त्यांनीं वास्तुविशारदांना हाताशीं धरून स्वतःच नकाशे आंखले, मंडळी नोंदविली, सहकारी संस्था काढली, आणि निवडणुकीच्या वेळीं उमेदवारांकडून शब्द घेतला. ऑगस्ट २०२१ मध्यें त्याच जागेवर मजल्यांच्या इमारतींचें नवें कांपुंग उघडलें आणि लोक परत आले. व्यवस्था त्यांच्या संस्थेकडे सोंपविण्यांत आली. जमीन मात्र सरकारच्याच नांवावर राहिली.