पडदा 'झेपत नाही' म्हणतो तेव्हा

शाळेच्या संगणक कक्षात कधीतरी हा प्रसंग येतो. संगणक सुरू होतो, सुरुवातीची अक्षरे नीट दिसतात आणि विंडोज येण्याच्या वेळी काळ्या पडद्यावर एक छोटी चौकट उमटते : 'आउट ऑफ रेंज'. मॉनिटर बिघडला असे समजून आपण तो अडगळीत टाकतो. वास्तविक तो शाबूत असतो. 'आलेला संकेत मला झेपणारा नाही' एवढेच तो सांगत असतो. हे सांगण्याची शक्ती त्याला कशी आली, याचा इतिहास मनोरंजक आहे.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी १८९७ मध्ये कॅथोड किरण नलिका तयार केली. पुढे हीच नलिका दूरचित्रवाणीचा पडदा झाली. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील लेपावर आदळून ठिपका चमकवतो. चुंबकीय क्षेत्राने हा झोत डावीकडून उजवीकडे, रेषेमागून रेष असा फिरवला जातो. चमक लगेच विझत असल्याने सारे चित्र सेकंदाला अनेकदा पुन्हा काढावे लागते. हाच रिफ्रेश रेट.

किती वेळा? दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांनी हा आकडा विजेच्या वारंवारतेशी जुळवला, म्हणजे विजेमुळे येणारे पट्टे पडद्यावर सरकत राहत नाहीत. म्हणून अमेरिकेत ६०, तर युरोपात आणि आपल्याकडे ५०. अमेरिकेत ५२५ रेषांचे चित्र दोन हप्त्यांत, म्हणजे सेकंदाला ३० पूर्ण चित्रे. ५२५ × ३० = १५,७५० रेषा. आपल्या दूरदर्शनवर ६२५ × २५ = १५,६२५.

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. त्याच्या रंगीत कार्डाने अमेरिकी दूरचित्रवाणीचीच गती घेतली. एकरंगी कार्ड मात्र सेकंदाला सुमारे १८,४०० रेषा काढी. दोन्हींची जोडणी नऊ टोकांचीच! एकरंगी मॉनिटर चुकून रंगीत कार्डाला जोडला, तर तो कायमचा बिघडू शके. झोत वळवणारे मंडल ठराविक गतीसाठीच जुळवलेले असे. गती चुकली की त्यातील ट्रान्झिस्टर तापून जळण्याचा धोका असे. त्या मॉनिटरला तक्रार करता येत नव्हती.

१९८७ च्या व्हीजीएमध्ये ६४० × ४८० ठिपके होते. ४८० दृश्य रेषा आणि झोत परत वर जाण्यासाठी ४५ रेषांचा वेळ, मिळून ५२५. सेकंदाला ६० वेळा म्हणजे ३१,५०० : दूरचित्रवाणीच्या बरोबर दुप्पट. पण जवळून पाहताना ६० चा पडदा अनेकांच्या डोळ्यांना लुकलुकता वाटे, म्हणून ७२, ७५, ८५ असे दर आले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'व्हेसा' संघटनेने त्यांची प्रमाणे ठरवली. १०२४ × ७६८ ला ७५ वेळा : एकूण ८०० रेषा × ७५ = ६०,०००. ज्याची मर्यादा ५०,००० आहे, त्याला हे झेपणार नाही. तेवढेच ठिपके ६० वेळा काढले, तर सुमारे ४८,४०० रेषा होतात, ते झेपते.

दरम्यान अनेक गती ओळखणारे मॉनिटर आले होते. मग मॉनिटरमध्ये मायक्रोप्रोसेसर बसला. तो येणारी गती मोजून, ती जास्त असल्यास चित्र बंद करू लागला. तीच आपली चौकट. १९९४ च्या प्रमाणाने आणखी एक सोय झाली : मॉनिटर आपल्या मर्यादा १२८ बाइटांत संगणकाला स्वतःच कळवू लागला. पंधरा टोकांच्या व्हीजीए जोडणीत ही माहिती १२ व १५ क्रमांकांच्या टोकांतून जाते. टोक वाकले किंवा केबल निकृष्ट असली, तर संगणक केवळ अंदाज करतो आणि चुकतो.

सपाट एलसीडी पडद्यात झोत नाही, लुकलुकही नाही. तेथे ६० पुरेसे होतात. पण संकेत स्वीकारणाऱ्या मंडलाला मर्यादा असतेच, म्हणून सूचना राहिली.

तेव्हा ती दिसली की प्रथम केबलची टोके पाहावीत. मग संगणक कमी रिझोल्यूशनच्या किंवा 'सेफ मोड'मध्ये सुरू करून, मॉनिटरच्या पुस्तिकेत दिलेले रिझोल्यूशन व ६० हा दर निवडावा. विंडोजमध्ये बदल केल्यावर पडदा काळा झाला, तर कळ न दाबता १५ सेकंद थांबावे. जुनी मांडणी आपोआप परत येते.

आणि मॉनिटर मोडीत काढण्यापूर्वी वर्गात वरचा गुणाकार करून घ्यावा. एका गुणाकाराने एक मॉनिटर वाचू शकतो.