पोषण आहारावर उद्योगांची नजर
प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

खाद्य उद्योग सार्वजनिक आरोग्याच्या धोरणावर केवळ जाहिरातींतून प्रभाव टाकतो, असे नाही. लोकप्रतिनिधींना धाडलेली पत्रे आणि निविदांच्या अटी यांतूनही तो पडतो. बालकांच्या पोषण आहाराचा इतिहास याची साक्ष देतो.

बिस्किटांचा प्रस्ताव

सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. २००७ मध्ये बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे लिहून या भोजनाऐवजी बिस्किटे देण्याची मागणी केली. काही आठवड्यांतच २९ खासदारांनी ती केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे मांडली. मात्र पोषणतज्ज्ञ आणि राज्य सरकारांनी विरोध केल्याने प्रस्ताव बारगळला.

अंगणवाड्यांचा ठेका

येथे दबाव उघड होता, म्हणून तो परतवता आला. अंगणवाड्यांच्या बाबतीत वाट अधिक आडवळणाची होती. आहार पुरवठ्यासाठी ठेकेदार नेमू नयेत, ग्रामसमुदाय, बचत गट व महिला मंडळांना प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी बजावले होते. महाराष्ट्रात तीन वर्षांखालील मुलांना घरी नेण्यासाठी शिरा, उपमा, सुकडी यांची तयार पाकिटे देण्यात येऊ लागली. कागदोपत्री पुरवठादार महिला संस्था होत्या. त्यांच्याआड खासगी कंपन्या उत्पादन करीत असल्याचे न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये निदर्शनास आणले.

पुढे २०१६ च्या निविदेत उलाढाल व यंत्रसामग्रीच्या अटी अशा होत्या, की गावातील बचत गट स्पर्धेतच उतरू शकत नव्हते. सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ही कंत्राटे सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१९ रोजी रद्द ठरविली आणि नव्याने निविदा काढण्यास सांगितले.

अटींतच मेख

स्वच्छता आणि दर्जा यांचे निकष आवश्यकच आहेत. परंतु निकष कोणासाठी लिहिले जातात, यावर लाभार्थी ठरतो. अर्भकांच्या दूधपर्यायांच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने स्पष्ट बंदी आहे. आहार पुरवठ्यात मात्र आदेशाचा हेतू अटींच्या जाळ्यात अडकला.

मराठवाड्यातील अंगणवाडीत येणाऱ्या बालकाला या व्यवहाराची कल्पना नसते. पोषणाचा निधी त्याच्या वाटीपर्यंत पोहोचावा, यासाठी निविदा निघण्यापूर्वीच तिच्या अटींची जाहीर चर्चा होणे अगत्याचे आहे.