आतमसुख : जयपूरच्या ऋतूंचा घरगुती इतिहास



मराठी इतिहासात जयपूर येतं ते बहुतेक वेळा चौथाईच्या हिशेबात, नाहीतर लढाईच्या वर्णनात. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये हे शहर वसवलं. १७४३ मध्ये ते वारले आणि ईश्वरीसिंह व माधोसिंह या त्यांच्या मुलांमध्ये गादीचा वाद पेटला. मल्हारराव होळकर माधोसिंहांच्या बाजूने उतरले. ऑगस्ट १७४८ मध्ये, ऐन पावसाळ्यात, बगरूला लढाई झाली. डिसेंबर १७५० मध्ये मराठी फौज वसुलीसाठी पुन्हा जयपूरवर आली, तेव्हा ईश्वरीसिंहांनी विष घेतलं. माधोसिंह गादीवर आले. आणि लगेच जानेवारी १७५१ मध्ये शहर बघायला आत गेलेल्या मराठ्यांची तिथल्या लोकांनी कत्तल केली.

हे सगळं आपल्याला ठाऊक असतं. आज मी याच माधोसिंहांकडे वळणार आहे, पण त्यांच्या कपड्यांच्या वाटेने.

जयपूरच्या सिटी पॅलेसमधल्या संग्रहालयात माधोसिंहांचे कपडे ठेवलेले आहेत. माणूस देहाने प्रचंड होता, हे ते कपडे बघताक्षणी कळतं. त्यात एक पायघोळ झगा आहे. थंडीत बाकीच्या सगळ्या कपड्यांवरून घालायचा. त्याचं नाव ‘आतमसुख’. म्हणजे आत्म्याला सुख देणारा. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या शहरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जानेवारीच्या रात्री तो आठ अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री अंगावर ऊबदार झगा ओढणाऱ्याला हे नाव मुळीच जास्त वाटलं नसेल.

राजाचं आतमसुख जपून ठेवलं गेलं. मग सामान्य घरातलं आतमसुख कोणतं? ते म्हणजे रजई.

आपल्याकडे गोधडी असते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक रचायची आणि धावदोऱ्याने शिवायची. तिची ऊब थरांमधून येते, म्हणून ती जड. जयपुरी रजईचा हिशेब उलटा आहे. वर-खाली मलमलीसारखं तलम कापड, त्यावर सांगानेर किंवा बगरूचे ठसे, आणि आत अगदी थोडी रुई. पण ती रुई इतकी पिंजलेली की तिच्यातली सगळी कचकच निघून जाते आणि तंतू न् तंतू मोकळा होतो. मोकळ्या तंतूंमध्ये हवा अडकते, आणि ऊब धरून ठेवते ती ही अडकलेली हवा. रुई सगळीकडे सारखी पसरायची आणि ती सरकू नये म्हणून हाताने टाके घालायचे. हे टाक्यांचं काम मुख्यतः बायकांचं. टाका फार ओढला तर रुई दबते, हवा जाते. सैल सोडला तर रुई गोळा होते. म्हणजे हलकी रजई चांगली की वाईट, हे शेवटी त्या बोटांवर ठरतं.

आता बगरूकडे परत येऊ. आपल्या पुस्तकांत बगरू म्हणजे रणांगण. तिथल्या छिपांसाठी बगरू म्हणजे ‘दाबू’ची छपाई. चिखलाचा लेप ठशाने कापडावर उठवायचा, वाळवायचा, मग कापड निळीत बुडवायचं. जिथे चिखल आहे तिथे रंग धरत नाही. या कामाला कडक ऊन लागतं. त्यामुळे पावसाळा म्हणजे छिपांच्या हाताला सक्तीची विश्रांती. मल्हाररावांची फौज जिथे पावसात लढली, तिथे त्या महिन्यात कापड वाळणं अवघडच होतं.

छपाई थांबते तेव्हा शहरात दुसरी कामं सुरू होतात. श्रावणातली तीज येते. आपल्याकडे मंगळागौर चालू असते तेच दिवस. आदल्या दिवशी ‘सिंजारा’. नव्या नवरीला, लेकीला घरच्यांकडून कपडे, मेंदी आणि घेवर येतो. मैद्याचं पातळ, गार पीठ उंचावरून बारीक धारेने कढत तुपात सोडायचं की त्याची जाळी उभी राहते. कपड्यात मान लहरियाचा. कापड तिरकं गुंडाळून, बांधून रंगवलं की त्यावर लाटा उमटतात. पाऊस चांगला झाला की ‘गोठ’, म्हणजे हिरवळीवरचं सहभोजन. तिथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत बाट्या भाजायच्या, राख झटकायची, तुपात बुडवायच्या. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं हे भाजणं.

संक्रांतीला पतंग आणि फीणी. आपली सुतरफेणी तिचीच बहीण. सांभरची फीणी विशेष नावाजलेली. तूप लावून पिठाची कडी पुन्हा पुन्हा ओढायची, दुमडायची. थंडीत तूप थिजलेलं राहतं, म्हणून तार तारेला चिकटत नाही. हेच काम मे महिन्यात करून बघा!

राहिलं लोकरीचं विणकाम. दोन सुयांवरचं हे विणकाम आपल्या देशात युरोपियनांबरोबर आलं आणि मिशनरी शाळांमधून घराघरांत गेलं. जयपुरात त्याची एक गोष्ट आहे आणि तिचा धागा बडोद्यापर्यंत जातो. महाराणी गायत्रीदेवी या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे यांची मुलगी. १९४० मध्ये लग्न होऊन त्या जयपूरला आल्या. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. त्यांनी रेडक्रॉसच्या कामासाठी बायकांना एकत्र आणलं आणि पडद्यातल्या, जनानखान्यातल्या स्त्रियांनाही सैनिकांसाठी विणायला लावलं. हे त्यांनी १९७६ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. जरा विचार करा. ज्या बाईने महालाबाहेरचा रस्ताही धड पाहिलेला नाही, तिच्या हातची लोकर दूरच्या आघाडीसाठी निघाली. पुढे १९४३ मध्ये गायत्रीदेवींनी मुलींची शाळा काढली. विणकामामुळे शाळा निघाली असं मी म्हणणार नाही. पण पडद्यातल्या बायका एखाद्या सार्वजनिक कामासाठी जमू शकतात, हे त्या सुयांनी दाखवून दिलं होतं.

आता मुद्द्याचं बोलतो. जयपूर दरबाराचे छत्तीस कारखाने होते. कपडे, रंगकाम, छपाई, सगळ्याचे वेगळे विभाग. त्यांचे कागद बिकानेरच्या अभिलेखागारात आहेत. राजाच्या झग्याला संग्रहालय मिळालं, कारखान्यांना दप्तर मिळालं. रजईला टाके घालणाऱ्या बाईला, फीणी ओढणाऱ्या हाताला, टाके मोजत विणणाऱ्या आजीला दप्तर नाही. त्यांचं ज्ञान हातातून हातात गेलं. आज घेवर बारा महिने मिळतो आणि रजईत पॉलिएस्टर भरतात. वस्तू राहील, पण कोणत्या हवेत काय करायचं आणि का, हे कळणारी माणसं कमी होतील.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात गोधडी शिवणारं, स्वेटर विणणारं कोणी असेल, तर या हिवाळ्यात त्यांच्याजवळ बसा. टाका कुठून सुरू करतात, कापड कोणतं घेतात, कुणाकडून शिकल्या, हे विचारा आणि तारीख घालून वहीत उतरवा. पुढे कुणी घरांचा इतिहास लिहायला बसलं, तर त्याला ती वही लागेल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.