सामू (पीएच)

पाण्यातले द्रावण किती आम्लधर्मी किंवा आम्लारीधर्मी आहे हे सांगणारा अंक. प्रयोगशाळेत याला पीएच म्हणतात. माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांमध्ये ‘सामू’ हा शब्द रुळला आहे. एक लिटर द्रावणात हायड्रोजन आयनांचे जितके मोल असतील, त्या संख्येचा दहा पायाचा लॉगरिदम काढून चिन्ह बदलले की सामू मिळतो. म्हणून मोजपट्टी उलटी चालते: सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात. काटेकोर व्याख्येत संहतीऐवजी आयनांची क्रियाशीलता धरतात. विरल द्रावणांत हा फरक थोडा असतो.

ही संकल्पना १९०९ मध्ये डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन (१८६८–१९३९) यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ते विकरांवर काम करत होते. विकराचा वेग द्रावणात एकूण आम्ल किती आहे यावर नव्हे, तर त्यातले किती हायड्रोजन आयन सुटे आहेत यावर ठरतो, हे त्यांनी नेमके हेरले. सामूचे सारे गणित या एका भेदावर उभे आहे, आणि विद्यार्थी अडखळतात तेही बहुधा इथेच.

शुद्ध पाण्याचेही किंचित विचरण होते, म्हणजे त्याचे काही रेणू आयनांत फुटतात. २५ अंश सेल्सिअसला हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींचा गुणाकार १० चा −१४ वा घात इतका असतो, म्हणून उदासीन पाण्याचा सामू ७. तापमान वाढले की विचरण वाढते: ३७ अंशांना उदासीन बिंदू सुमारे ६.८ वर येतो, १०० अंशांना ६.१ च्या आसपास. तरीही उकळते पाणी आम्ल ठरत नाही, कारण दोन्ही आयन समसमानच असतात. ‘सात म्हणजे उदासीन’ हे पाठ केलेले वाक्य २५ अंशांपुरते खरे आहे.

हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, ते जवळजवळ पूर्ण विचरित होते. त्याच्या ०.१ मोल प्रतिलिटर द्रावणाचा सामू १ असतो. व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल सौम्य. त्याचा विचरण स्थिरांक ०.००००१८. तेवढ्याच संहतीच्या द्रावणात सुट्या आयनांची संहती क्ष मानली, तर क्षचा वर्ग भागिले (०.१ − क्ष) बरोबर ०.००००१८. छेदातला क्ष नगण्य धरला की क्ष येतो ०.००१३४ आणि सामू २.८७. म्हणजे शंभरातले जेमतेम सव्वा ते दीड रेणू विचरित झाले. मात्र दोन्ही द्रावणांच्या उदासिनीकरणाला कॉस्टिक सोडा सारखाच लागतो, कारण आयन संपत जातात तसतसा समतोल सरकतो आणि उरलेले रेणू आपले आयन देत राहतात.

क्ष नगण्य धरण्याची ही सवलत विचरण सुमारे ५ टक्क्यांच्या आत असेपर्यंतच घ्यावी. ॲसिटिक आम्ल ०.००१ मोलपर्यंत विरल केले की विचरण १२ टक्क्यांवर जाते आणि वर्गसमीकरण सोडवावेच लागते. आणखी एक सापळा असा: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १० चा −८ वा घात असेल तर सामू ८ लिहिण्याचा मोह होतो. आम्ल घालून पाणी आम्लारीधर्मी कसे होईल? पाण्याचे स्वतःचे आयन हिशेबात घेतले की उत्तर येते ६.९८.

सौम्य आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असले की द्रावण सामूतला बदल थोपवते, हे बफर. रक्तातील बायकार्बोनेट हे त्याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणावे लागेल. प्रतिलिटर २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, गुणोत्तर २०. त्याचा लॉगरिदम १.३, त्यात विचरण स्थिरांकाचा चिन्ह बदललेला लॉगरिदम ६.१ मिळवला की सामू ७.४. अनियंत्रित मधुमेहात आम्ले साचून बायकार्बोनेट १२ वर आले, तर सामू ७.१ पर्यंत घसरेल. पण रोग्याचा श्वास खोल आणि जलद होतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो ०.८ वर आला तर सामू ७.२८ राहतो. हेंडरसन आणि हॅसेलबाल्ख यांच्या नावाचे समीकरण ते हेच.

सामू मोजण्यासाठी काचेचे विद्युतअग्र वापरतात. २५ अंशांना सामूच्या एका अंकामागे विभवांतर सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. ढोबळ अंदाजाला रंग बदलणारे दर्शक पुरतात. हळदीच्या डागावर साबण लागताच तो लाल होतो, तो आम्लारीमुळे. चुन्याने हळदीचे कुंकू होते त्यामागेही हाच रंगबदल आहे.

कोकणातील जांभ्याची जमीन आम्लधर्मी असते, तर दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू ७ च्या वर असतो आणि तिथे लोह असूनही पिकाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात. आम्लधर्मी जमिनीत चुना किती घालायचा हे मात्र नुसत्या सामूवरून ठरत नाही. चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ आम्लता धरून ठेवतात. त्यामुळे सामू ५.५ असलेल्या दोन शेतांपैकी भारी जमिनीला हलक्या रेताड जमिनीपेक्षा बराच जास्त चुना लागतो.