स्वामी, अदिती गोपीचंद
(१५ जून २००६ – ). साताऱ्याची कंपाउंड प्रकारातील भारतीय धनुर्धर. प्रशिक्षक प्रवीण सावंत. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे तिने जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची होती. उपांत्य फेरीत संघातलीच ज्योती सुरेखा वेन्नम हिला आणि अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेर्राला तिने १४९–१४७ असे हरवले. पन्नास मीटरवरून सोडलेल्या १५ बाणांत गमावला तो एकच गुण. या वयात इतका स्थिर हात विरळाच. आदल्याच दिवशी ज्योती व परनीत कौर यांच्यासह मिळवलेले सांघिक सुवर्ण हे या स्पर्धेतील भारताचे पहिलेच. त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सांघिक सुवर्ण व वैयक्तिक कांस्य. पुढे २०२३ चा अर्जुन पुरस्कार.