‘फ्रीज’ शब्द एक, अर्थ अनेक. खातं फ्रीज झालं तर आधी कारण विचारा

नांदेड/लातूर : मराठीत पाणी गोठतं, तूप थिजतं, माणूस थंडीनं गारठतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘फ्रीज’ हे एकच क्रियापद चालतं. पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं. एवढी थंडी आपल्याकडं सहसा पडत नाही. तरी हा शब्द गावोगाव पोचलाय, तो ‘जागच्या जागी थांबणं’ या अर्थानं. मोबाइल अडकला की ‘फ्रीज झाला’. निवडणूक आयोगानं ८ ऑक्टोबर २०२२ रोजी शिवसेनेचं धनुष्यबाण चिन्ह गोठवलं, म्हणजे त्याचा वापर थांबवला.

बँकेतही तसंच. ‘खातं फ्रीज’ म्हणजे पैसे गेले असं नाही, व्यवहार थांबले. कारण मात्र शाखेतच विचारावं. केवायसी राहिली असेल तर कागदपत्रं द्यावीत. सायबर तक्रारीवरून खातं गोठवलं असेल तर तक्रार क्रमांक अन् पोलीस ठाण्याचं नाव मागावं. थकीत कर्जापोटी रक्कम अडवली असेल तर तो ‘होल्ड’; त्याचं कारण लेखी मागावं.

‘खातं सुरू करून देतो’ म्हणणाऱ्या फोनवर ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावं.